गंजीत घातलेला हात

मामांच्या चहाला सात फुंका लागत. सहा नाही, आठ नाही. चहा बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांत धरायची आणि एकेक फुंक अशी लांबवायची, की समोरच्याचा चहा पिऊन, कप विसळून, जागेवर ठेवून झाला तरी यांची पाचवीच चाललेली असे. पाचव्या फुंकेपर्यंत चहा पार निवलेला असतो, हे मी एकदा त्यांच्या बशीत बोट घालून त्यांना सिद्ध करून दाखवलं होतं. त्यावर ते म्हणाले, "चहा निवला, पन मी कुठी निवलो?" आणि उरलेल्या दोन फुंका शांतपणे मारून घेतल्या.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी कामाला लागले तेव्हा मामा तिथे गंजी मुकादम होते. म्हणजे कापसाच्या गाड्या यार्डात रिकाम्या झाल्या की त्या कापसाच्या ज्या चार टोलेजंग गंज्या लागतात, त्यांची सगळी देखरेख त्यांच्याकडे. साठीच्या आसपासचा सडसडीत माणूस. पांढरा फुल शर्ट, खाकी हाफपँट, खांद्यावर दुपट्टा, आणि भुवयांत कायमची अडकलेली रुई, त्यामुळे ते आहेत त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारे दिसत. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. मालकापासून गेटवरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते. कुत्रं मामा म्हणत नसे, पण यायचं त्यांच्याच हाकेला.

मी मूळची कारंजा घाडग्याची. हायवेला लागून आमचं किराणा दुकान. ट्रकच्या हॉर्नवर वाढलेली पोरगी कशाला भिणार, असा आमच्या आईचा ठाम समज होता. प्रत्यक्षात मी कशालाही भीत असे. फोन वाजला तरी भीत असे आणि वाजला नाही तरी भीत असे. जिनिंगमध्ये माझं काम ओलावा तपासण्याचं. दोन टोकदार काट्यांचं एक यंत्र असतं, ते गाडीतल्या कापसात खुपसायचं, आकडा पाहायचा, आणि कापूस कोरडा असेल तर मोठ्या गंजीकडे, ओला असेल तर मागच्या भिंतीकडे पातळ पसरायला पाठवायचा. ओला कापूस मोठ्या गंजीत गेला तर काय होतं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. वरून दाब पडतो, आतली सरकी उबते, रुई पिवळी पडते, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर आत धग धरते. गंजीची आग बाहेर दिसते तेव्हा आतलं सगळं संपलेलं असतं. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

दिवाळीनंतर हंगाम तापला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. एक दिवस वजनकाट्यापाशी उभी असताना हाताला मुंग्या आल्या, घाम फुटला, वाटलं आता संपलं. दवाखान्यात गेले. छातीला वायरी लावून पट्टी काढली, ती बिलकुल नीट निघाली. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, तुम्ही टेन्शन फार घेता. आणि एक छापील कागद हातात दिला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'तणाव टाळा'. कसा, ते कागदाला ठाऊक नव्हतं. मी तो इमानदारीने माझ्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला. मामा आले, चष्मा कपाळावर चढवून लांबूनच वाचला आणि म्हणाले, "कागदाले काय बाप्पा, थो लटकून राह्यला भिंतीवर. त्याले कुठी गाड्या मोजा लागते!"

त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या देखरेखीखाली घेतलं. पाचवी गंजीच म्हणा ना.

मामांचा एक स्क्रू ढिला आहे, असं यार्डातल्या रेजा, म्हणजे गंजीवर काम करणाऱ्या बाया, उघडउघड म्हणत, आणि ते त्यांनाही मान्य होतं. त्यांच्या खिशात नेहमी मूठभर कापूस असायचा, सरकीसकट. कुठे थांबावं लागलं, की ते कापसाची एक पाकळी काढून बोटांनी सरकी वेगळी करत बसत. ज्या जिनमध्ये दिवसाला ट्रकचे ट्रक कापूस यंत्रातून जातो, तिथे हा माणूस हाताने सरकी काढणार! एकदा गेटवर दोन ट्रॅक्टरवाले नंबरावरून हमरीतुमरीवर आले. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. मामा मध्ये गेले, सोडवासोडव नाही, उपदेश नाही. दोघांच्या हातात मूठमूठ कापूस दिला आणि म्हणाले, "याच्यातल्या सरक्या काढा पह्यले. एकही तुटली नाई पायजे. मंग भांडा खुशाल, मी पाह्यतो कोन जिंकते थे." माणूस इतका गंभीर चेहऱ्याने सांगत होता की दोघे खरंच काढायला लागले. दहा मिनिटांनी एक जण दुसऱ्याला विचारत होता, तुमच्याकडे यंदा बोंडअळी किती म्हणून.

घरी गेल्यावर रात्री नऊला मामा आपला मोबाइल तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसून वर झाकण लावत. सकाळी मामी वरणाला डाळ काढायच्या, तेव्हा तो निघायचा. एकदा मॅनेजर साहेबांनी तातडीने फोन केला, तर मामींनी शेजारणीला बोलावून सांगितलं, "डाळ वाजून राह्यली व बाई, काय करू?" दुसऱ्या दिवशी साहेब तणतणले. मामा म्हणाले, "साहेब, आग लागली असती तं तुम्ही मानूस धाडला असता. फोन केला म्हंजे आग नव्हती." माझ्या खोलीवरही तेव्हापासून डाळीचा डबा फोन मावेल एवढा मोठा आला.

पण त्यांची सगळ्यात वेडी गोष्ट म्हणजे दोनची पाळी. पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंबाखाली जुन्या जिनचं एक लोखंडी चाक आडवं पडलेलं आहे. जेवणानंतर दोनच्या ठोक्याला मामा त्याच्यावर जाऊन बसत आणि सव्वादोनपर्यंत काळजी करत. अगदी मन लावून करत. कपाळाला आठ्या घालून, हनुवटीवर हात ठेवून. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही. बाकीच्या दिवसभरात एखादी काळजी मनात आली, की ते तिला मोठ्याने सांगत, "आता नाई. दोन वाजता येजो." नवी माणसं इकडेतिकडे बघत, मामा कुणाशी बोलतात म्हणून. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जिनले पाळी हाय, हमालाले पाळी हाय, मंग काळजीनंच काऊन चोवीस तास ड्युटी कराची? अन् खरं सांगू का? दोन वाजेपर्यंत अर्ध्या येतच नाईत."

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते आणि गुपचूप करूनही पाहत होते. फुंका मारल्या. त्या मारताना श्वास लांब जातो आणि छातीतलं घोडं चालीवर येतं, हे माझ्या लक्षात आलं. सरक्या काढल्या. काळज्यांना दोनची वेळ दिली. महिन्याभरात मला झोप लागायला लागली, आई फोनवर म्हणाली, आवाज बरा येऊन राह्यला तुझा. भिंतीवरचा कागद मी काढून टाकला. आणि मग मी एक घोडचूक केली.

पण त्याआधी मामांचा हात सांगायला हवा. प्रत्येक गंजीच्या कडेला ठरलेल्या जागी त्यांनी खोल बिळं करून ठेवलेली असत. रोज सकाळी ते एकेका बिळात खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून उभे राहत. मग हात बाहेर काढून तळव्याचा वास घेत, आणि अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडत, "एक नंबर थंड! दोन नंबर थंड!" ती आरोळी झाली की रेजा पदर खोचून कामाला लागत. मलाही ती ऐकल्याशिवाय काटे हातात घ्यावेसे वाटत नसत.

जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडताच गाड्यांची रांग गेटबाहेर पार चौकापर्यंत गेली. प्रत्येक गाडीत तीन ठिकाणी काटे खुपसायचे, वर, मध्ये आणि तळाला, असा नियम. त्या दिवशी सगळे हॉर्न वाजवत होते. मॅनेजर साहेब माझ्या शेजारी उभे होते. एका ट्रॉलीत मी फक्त वरच्या थरात काटे घातले. वरचा कापूस उन्हाने खडखडीत वाळलेला. आकडा चांगला आला, मी चार नंबरकडे हात केला. ट्रॉली उलटली तेव्हा तळाचा कापूस पडताना मला दिसला. काळपट, गोळे झालेला, पिळला तर पाणी निघेल असा.

तेव्हाच ओरडले असते तर दोन माणसांनी पाच मिनिटांत तो बाजूला केला असता. पण नेमके त्याच क्षणी साहेब म्हणाले, "मॅडम, आप आने के बाद लाइन क्या फास्ट चलती है! असंच पाहिजे काम." मी हसले. हसत हसत मागची ट्रॉली त्याच्यावर उलटताना पाहिली. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर आणखी सहा गाड्या पडल्या.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. चूक आठवली की मी तिला सांगायची, दोन वाजता ये. दोन वाजता ती यायची, तर तिला सांगायची, उद्या ये. मामांची युक्ती मी अशी बेमालूम वापरली की विचारू नका. फुंका मारून मारून ओठ कोरडे पडले. सरक्या काढून नखं दुखायला लागली. रोज सकाळी मामा ओरडत, "चार नंबर थंड!" आणि माझा जीव भांड्यात पडायचा. अर्ध्या तासाने परत बाहेर यायचा. एकदा कुणी नाही असं पाहून मी स्वतः बिळात हात घातला. कोपरापर्यंतच गेला, आणि भीतीने माझाच तळवा इतका पेटलेला की कापूस गरम की मी, काही कळेना. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. चार नंबरवर दिवसभर चाळीस बाया राबत होत्या. त्यातली ताराबाई रोज मला आपल्या डब्यातली चटणी वाढायची, आणि जेवण झालं की त्याच गंजीला टेकून डुलकी काढायची. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा न उघडता बसले होते. मामा आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताप पाहतात तसा. मग तळव्याचा वास घेतला. एरवी मी हसले असते.

"माय," ते म्हणाले, "गंजी तापली तुई. चाल."

त्यांनी मला चाकापाशी नेलं आणि स्वतःच्या जागेवर बसवलं. त्या चाकावर त्यांच्याशिवाय मी कधी कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन वाजत होते. मामा समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आज तुई पाळी. कर." मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. ट्रॉली, वरचा थर, साहेबांचं कौतुक, सहा गाड्या.

ते रागावणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते भयंकर रागावले.

"अन् तीन दिवस तू काय करून राह्यली?"

"तुम्हीच त म्हनलं होतं ना मामा, दोन वाजता येजो म्हनून सांगाचं…"

"थे काळजीले म्हनलं होतं!" त्यांचा आवाज चिरकला. "मी काळजीले वेळ देल्ली होती, चुकीले नाई! काळजी बाहेर उभी राह्यते, तिले थांब म्हनलं तं थांबते. चूक आत दाबून राह्यली ना पोरी, थे उबते. तिले तवाच उकला लागते. एवढं नाई समजलं तुले?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग ते एकदम उठले, आणि चहाच्या टपरीकडे चालायला लागले. मला वाटलं, गंजीकडे निघाले. कसलं काय! त्यांनी चहा घेतला, बशीत ओतला आणि फुंक मारली.

"मामा! गंजी आतून पेटली अशीन, अन् तुम्ही चहा पिऊन राह्यले?"

"भेलेल्या हाताले गरम-थंड समजत नाई," ते बशीतूनच म्हणाले. दुसरी फुंक. तिसरी. मी आयुष्यात कुणावर इतकी चिडले नाही जितकी त्या सात फुंकांवर चिडले. सातवी झाली, चहा संपला, दुपट्ट्याने हात पुसले आणि मग ते चार नंबरपाशी गेले. डावा हात बिळात घातला, थेट खांद्यापर्यंत. डोळे मिटले. माझे मात्र टक्क उघडे. त्यांच्या गालावरची शीर उडताना दिसली.

हात बाहेर काढून त्यांनी वास घेतला. "हाव," ते हळू म्हणाले. "तापली. पन धग नाई धरली अजून. चाल, साहेबाले सांगू."

"तुम्ही सांगा ना मामा."

"नाई. कापूस तू टाकाले लावला, तोंड बी तुयंच लागन. मी बाजूले उभा राह्यतो."

मी सांगितलं. साहेबांनी आधी नीट ऐकलं, मग पाच मिनिटं तोंड सोडलं, मग जिन बंद करायला लावलं. ते पाच मिनिटांचं ऐकून घेताना मला एक चमत्कारिक गोष्ट कळली. तीन दिवस मी ज्याला भीत होते ते हेच होतं, आणि हे पाच मिनिटांचं होतं. छाती धडधडत नव्हती. साहेब ओरडत होते आणि मला चक्क भूक लागली होती.

मग चाळीस बाया आणि वीस हमाल चार नंबरवर चढले. वरचा कापूस ओढून काढता काढता साडेतीनच्या सुमारास मधला थर उघडा पडला, आणि थंडीच्या दिवसांतल्या त्या उन्हात गंजीतून वाफ निघाली. भाताचं झाकण काढल्यावर निघते, तशी. आंबूस वास आला. मध्ये दोन खाटांएवढा कापूस पिवळा पडला होता, आणि त्यात हात घालवत नव्हता. पण काळं काही नव्हतं, जळकं काही नव्हतं. ताराबाईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "अवं माय, म्हनूनच पाठ इतकी छान शेकून निंघे!" त्यावर सगळ्या बाया अशा हसल्या की साहेबांनाही तोंड फिरवून हसावं लागलं. मी भर यार्डात हसत होते आणि रडत होते. तो सगळा कापूस फरशीवर पसरून उलटापालटा करेपर्यंत पाच वाजले. तोवर मी माझा डबा संपवला होता आणि ताराबाईची चटणीही.

मग मामांना शोधायला गेले. पाया पडायचं होतं. ते गंजीपाशी नव्हते, टपरीवर नव्हते. ते चाकावर बसले होते, साडेपाच वाजता. मांडीवर उजवा हात दुखऱ्या पोरासारखा घेतलेला, आणि डाव्या हाताने सरक्या काढणं चाललेलं.

"मामा, दोन कवाचेच वाजून गेले."

त्यांनी वर पाहिलं नाही. "आज डबल पाळी हाय."

मी समोर उकिडवी बसले, दुपारी ते बसले होते तशीच. मग ते म्हणाले, "दिवाळीपासून हा हात वर जात नाई. खांदा धरला. बिळात घातला तं कोपरापर्यंतच जाते, पुढे जीव जाते. गंजीले चिकटून उभा राह्यतो म्हनून कोनाले दिसत नाई." आणखी एक सरकी निघाली. "तीन दिवस मी चार नंबरले थंड म्हनून ओरडलो. हात आत गेलाच नव्हता, माय. डावा घातला तं लोकं विचारतीन, म्हनून उजव्यानंच वरवर चाचपलं अन् ओरडलो."

मी ज्या आरोळीवर तीन दिवस जीव धरून होते, ती अशी होती. राग यायला हवा होता. पण दुपारचा तो डावा हात मला आठवला, जो तेव्हा मला खटकलाच नव्हता. आणि टपरीवरच्या त्या सात फुंका आठवल्या. भेलेला हात माझा नव्हता, त्यांचा होता. या माणसाकडे इतक्या युक्त्या कशा, असं मला नेहमी वाटायचं. ज्याला इतक्या लागतात त्याच्याकडेच त्या असणार, हे मला त्या दिवशी कळलं.

"साहेबाले सांगतलं?"

"काय सांगू? हात नाई तं मुकादम कशाचा? घरी बसवतीन. घरी मी काय करू, डाळीच्या डब्यात बसू?"

"मामा," मी म्हटलं, "काळजीले वेळ देल्ली होती, चुकीले नाई. असं कोन म्हनलं होतं आज दुपारी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता हातातला कापूस फेकून मारतात. मग भुवयांतली रुई हलली. ते हसत होते. "लय शहानी झाली," ते म्हणाले.

मी टपरीवरून चहा आणला, बशीत ओतला, आणि बशी त्यांच्या डाव्या हातात दिली. उजव्याने ती धरवत नव्हती, ते आता मला दिसत होतं. त्यांनी पहिली फुंक मारली. दुसरी. मी मनातल्या मनात मोजत होते. तिसऱ्या फुंकेला ते मध्येच थांबले, बशी चाकावर ठेवली, आणि उठले. "चाल," म्हणाले. "तू बाजूले उभी राह्यजो."

पुढचं सांगायला फार नाही. खांद्याला आता मालिश आणि व्यायाम चालू आहे, अर्धा हात वर जातो. मामा अजून मुकादमच आहेत. बिळात हात मी घालते, डोळे मिटून, खांद्यापर्यंत, आणि वास घेऊन त्यांच्याकडे बघते. आरोळी मात्र तेच देतात, माझा आवाज म्हणे गेटपर्यंत जात नाही. साहेबांनी एक लांब दांड्याचं थर्मामीटर आणलंय, मामा त्याला काडी म्हणतात. ट्रॉलीत काटे तीन ठिकाणीच जातात, मागे कुणी कितीही हॉर्न वाजवो.

पण त्या संध्याकाळी ऑफिसच्या दारात मी उभी होते आणि आत मामा बोलत होते, तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त कान देऊन होते. ओरडणं ऐकू आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मामा बाहेर आले.

"काय म्हनले साहेब?"

"म्हनले, मामा, हे दिवाळीलेच काऊन नाई सांगतलं. उद्या दवाखान्यात चला म्हनले, गाडी देतो." ते चालत चाकापाशी गेले. बशी तिथेच होती, चहावर साय धरली होती. त्यांनी ती डाव्या हाताने उचलली आणि एकही फुंक न मारता एका घोटात पिऊन टाकली.